मथुराबाईच्यानं खोटं बोलवलं नाही

दीड महिना होऊन गेला असेल. रविवार होता. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर मासळीची पाटी ओळखीची, पण डोक्यावर घेणारी मथुराबाई नव्हती. तिची सून कुंदा होती. मी विचारलं, "सासूबाई कुठे? बरं नाही का?" कुंदानं पाटी जिन्यात उतरवली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "म्हातारी गेली, बाय. बुधवारी. सकाली उठलीच नाय. तुमाला सांगायला कोन पाठवायचं, म्हनून मीच आयले." मग पाटीवरचं फडकं बाजूला करून म्हणाली, "बोंबील ताजे हायत, देऊ?" मी घेतले. आत आणून साफ केले, हळद-मीठ लावलं, आणि मग ओट्याशी उभी राहून रडले. यजमान आतून म्हणाले, "कोळीण गेली म्हणून एवढं?" एक तर ती कोळीण नव्हती, आगरी होती. आणि 'एवढं' म्हणजे किती, ते त्यांना सांगत बसण्याची माझी इच्छा नव्हती. वाचकांना सांगते.

आम्ही नेरूळला राहायला आलो तेव्हा इथे बिल्डिंगी होत्या आणि चिखल होता, मध्ये काही नव्हतं. नळाला पाणी आलं तर शेजारी एकमेकांना हाका मारून सांगायचे. माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं, त्यामुळे बाकी कशावाचून अडलं तरी चालेल, मासळीवाचून अडत असे. पहिल्याच आठवड्यात मथुराबाई तीन जिने चढून आली. काळी, काटकुळी, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, मिश्रीनं काळे पडलेले दात आणि नजर अशी की गिऱ्हाईकानंच शरमून दार लावावं. मी माहेरचा तोरा मिरवत बांगड्याचे कल्ले उघडून बघायला लागले. ती म्हणाली, "तो नको घेऊ. तो कालचा हाय. यो घे." मला संशयच आला. म्हटलं, "कालचा आहे तर पाटीत कशाला ठेवलास?" ती म्हणाली, "इचारनाऱ्याला सांगते. न इचारनाऱ्याला पन सांगते. तरी पन कोन कोन नेतात, माझा काय इलाज?" मी हसले, ती हसली नाही. पुढे सात-आठ वर्षं ती माझ्याकडे येत राहिली आणि तेवढ्या काळात तिनं मला एकदाही शिळी मासळी दिली नाही. मीच एकदा पाहुणे यायचेत म्हणून हट्टानं मागितली, तर पाटी उचलून चालती झाली.

ती जवळच्या शिरवणे गावची. गावाच्या अंगाला त्यांचं भाताचं शेत होतं, नवरा शेत करायचा आणि हंगामात मिठागरावर जायचा. सणासुदीला, लग्नाच्या हळदीला घरामागे काळ्या गुळाची भट्टी लागायची. विकायला नव्हे, घरच्यासाठी आणि देवासाठी. त्यांच्या देवाधर्मात दारूच्या थेंबाशिवाय काही सुरूच होत नाही. पितरांना थेंब, देवीला थेंब, मग माणसांना. ते सत्तरचं दशक होतं. आमच्या गिरगावात त्याच वर्षांमध्ये माझ्या एका काकांकडे सरकारचं परमिट होतं. दारू मिळाली नाही तर प्रकृतीला धोका आहे असा डॉक्टरचा दाखला त्यांनी मिळवला होता. काकांची प्रकृती दगडासारखी होती. दाखल्यावर ते दिवाणखान्यात बसून ऐटीत घ्यायचे, आणि इकडे शिरवण्यात मथुराबाईच्या नवऱ्याला एका भट्टीपायी दोरी लावून नेलं होतं. पिंपं कुऱ्हाडीनं फोडली, गूळ चिखलात ओतला. चार दिवसांनी सुटून आला तो मान खाली घालून, आणि त्यानं पुन्हा भट्टी लावली नाही. मथुराबाई हे सांगताना रागावलेली नसायची. "कायदा होता तर होता," म्हणायची. तिचा राग पुढच्या गोष्टीवर होता.

पुढची गोष्ट अशी की नव्या शहरासाठी सरकारनं जमीन घेतली. घराघरांत मोबदला आला. ज्यांनी उभ्या जन्मात भाताच्या कणग्या सोडून काही साठवलं नव्हतं, त्यांच्या ट्रंकेत नोटा आल्या. आणि शिरवण्याच्या वेशीला, रस्त्याच्या कडेला, सरकारच्याच जागेवर एक पत्र्याची शेड उभी राहिली. वर पाटी, 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान'. आसपासच्या चार गावांत हा एकच परवाना. दुसऱ्या कुणी थेंब विकला तर जीप येणार, पिंपं फुटणार. म्हणजे दारूबंदी खात्याचे जे लोक भट्ट्या फोडायला यायचे तेच आता दुकानाचं गिऱ्हाईक सांभाळायला येऊ लागले. सरकारनं जमीन घेतली, एका हातानं पैसा दिला आणि दुसऱ्या हातानं बाटलीतून परत घेतला. मक्ता म्हणतात तो हाच. परवाना ज्या शेठकडे होता त्याचं गावाशी काही नातं नव्हतं, पण तोंड गोड होतं. सगळ्यांना मामा, मावशी म्हणायचा.

मथुराबाईचा नवरा मोबदला आला त्याच्या दुसऱ्या वर्षी वारला, तो तापानं. दारूपायी जाणारा होता तो मुलगा, गणा. एकुलता एक. दिसायला देखणा, बोलायला गोड, आणि आईच्या जिवाचा तुकडा. शेत गेल्यावर तो गाडी चालवायला शिकला आणि कळंबोलीला लोखंडाच्या बाजारात ट्रकवर लागला. रात्रपाळीहून येताना वाटेतच दुकान. घरी यायचा तो दोन वेळा पडून उठून. कुंदा तेव्हा नवी नवरी होती. एक दिवस मथुराबाई मासळी न विकताच माझ्या दारात बसली आणि म्हणाली, "बाय, तू हाफिसात लिवतेस. मना एक अर्ज लिवून दे. यो दुकान हितून उठायला पायजे. माझा पोर मरंल." तिला दुसरं काही नको होतं. देशात दारूबंदी व्हावी, क्रांती व्हावी असं काही नाही. तिचं म्हणणं एवढंच की दुकान चार कोस लांब जाऊ दे. कामावरून थकलेला माणूस वाटेत असलं तर थांबतो, लांब असलं तर घरी येऊन झोपतो. मला ते पटलं. आजही पटतं.

मी अर्ज लिहिला. एक नाही, चार-पाच. गावच्या बायकांचे अंगठे घेतले. उत्तर आलं नाही. मग माझ्या ऑफिसातल्या एका वकिलानं सांगितलं की देवळाजवळ दारूचं दुकान चालत नाही, असा नियम आहे. मथुराबाईला मी हे सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा माझ्यासमोर हसली. कारण देवी तयारच होती. शिरवण्याच्या शिवेवर, त्यांच्याच गेलेल्या शेताच्या बांधावर, शेंदूर लावलेला एक तांदळा, बिनघडीचा दगड, होता. गावाची शीववरली आई. शेत गेलं तेव्हापासून ती उघड्यावर मुरुमाच्या ढिगाऱ्यात पडली होती, केव्हा बुलडोझरखाली जाईल सांगता येत नव्हतं. तिला उठवून कुठेतरी बसवायचीच होती. मग दुकानाशेजारीच का नाही? बायकांचं ठरलं. पुरुष मंडळींनी हात झटकले, त्यांना दुकान हवंच होतं. पण देवीच्या कामाला 'नको' म्हणायची कुणाची छाती नव्हती.

एका मंगळवारी सकाळी पंचवीस-तीस बायका तांदळा पाटीत घालून, धवले म्हणजे त्यांची मंगलगाणी म्हणत घेऊन आल्या. मी रजा काढून गेले होते. विटांचा चौथरा घातला, वर चार वासे आणि पत्रा. देवी बसली. पाहणीला खात्याचे साहेब दुपारी येणार होते, मीच खटपट करून त्यांना आणवलं होतं. सगळं इतकं जमून आलं होतं की मला मनातून मिरवल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात मथुराबाई म्हणाली, "मान द्यायचा राहिला."

आता देवी जागेवरून हलवली की बसवताना तिला कोंबड्याचा आणि दारूचा मान द्यावा लागतो. दिला नाही तर ती बसत नाही, गावात फिरत राहते, अशी त्यांची श्रद्धा. कोंबडा कुणीतरी आणला होता. दारू आणलेली नव्हती. घरची भट्टी तर केव्हाच बंद झालेली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक तरणी पोर म्हणाली, "आज नारल फोडू, मान मागून देऊ. आज साहेब यायचाय." मी म्हटलं, "तेच बरोबर आहे. आजच्या दिवस राहू दे." मथुराबाईनं माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळले. "तिच्या घरातना काढून हितं आनलीय तिला. न् मान मागून? तुज्या घरी पावना आयला तर पानी मागून देतेस?" आणि ती उठली, रस्ता ओलांडून सरळ दुकानात गेली. त्या दुकानाची पायरी ती जन्मात पहिल्यांदा चढत होती. शेठ बाहेर येऊन म्हणाला, "मावशी, देवीसाठी कशाला पैसे? घेऊन जा." तिनं पैसे गल्ल्यावर ठेवले आणि बाटली पदराखाली न लपवता, हातात धरून आणली. देवीपुढे थेंब सांडला, बाटली चौथऱ्यावर ठेवली. सरकारी शिक्का असलेला बिल्ला तसाच चिकटलेला. मी तिला म्हटलं, निदान आता ती बाटली आत ठेव. म्हणाली, "आईचा हाय तो. उचलायचा कुनी?"

साहेब आले. वाईट माणूस नव्हता तो, हे मला मुद्दाम लिहावंसं वाटतं. चष्मा लावलेला, सभ्य, पाणी प्यायला मागताना 'कृपया' म्हणणारा. वाईट माणूस असता तर त्याला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. शेठही मागोमाग आला आणि हात बांधून उभा राहिला. साहेबांनी अंतर पावलांनी मोजलं, मान डोलावली. मग त्यांचं लक्ष चौथऱ्यावर गेलं.

"आजी, ही बाटली कुठली?"

"समोरची."

"इथे कशाला?"

"आईचा मान हाय."

"म्हणजे या देवीला दारू चालते?"

मी मध्ये बोलले, "साहेब, ती जुनी पद्धत, आता कुणी..." ते म्हणाले, "ताई, मी आजींना विचारतोय." आदल्या दिवशी मी मथुराबाईला पढवलं होतं. देवीला पुरणाचा नैवेद्य असतो असं सांग, बास. तिनंही मान हलवली होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. शेजारी कुंदा उभी होती, पोटुशी, तिच्याकडेही बघितलं नाही. तांदळ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चालते. माझ्या सासूच्या सासूपासना चालते. पन साहेब, ती थेंब घेते न् गप बसते. आमची पोरा बाटली सरेपर्यंत उठत नाय."

साहेबांनी 'चालते' एवढं लिहून घेतलं. पुढचं लिहिलं नाही.

यथावकाश कागद आला. त्यात होतं की सदर देवतेस मद्याचा नैवेद्य दाखविण्याची प्रथा असल्याने दुकानामुळे भाविकांच्या भावना दुखावण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मी तो बायकांना वाचून दाखवला. भाषा कुणाला कळली नाही, अर्थ लगेच कळला. ज्या बायका धवले म्हणत देवी घेऊन आल्या होत्या त्यांनी मथुराबाईशी बोलणं टाकलं. एक जण तर तिच्या तोंडावर म्हणाली, "एक सबूद खोटा बोलली असतीस तर तुझी जीभ झडली असती का?" मीसुद्धा घुश्शात होते. दोन आठवडे मी मासळी बाजारातून आणली. खरं सांगायचं तर तिच्यावरचा तो राग माझा पुरता गेलेला नाही, आज ती नाही तरीही.

शेठ मात्र खूश झाला. त्यानं स्वतःच्या खर्चानं देवीला पांढऱ्या टाइल्स लावून दिल्या, घंटा टांगली, बल्ब लावला. आता लोक बाटली घ्यायचे, पहिलं झाकणभर आईच्या नावानं ओतायचे आणि मग शेडच्या सावलीत बसायचे. पूर्वी निदान चोरट्यासारखे बसायचे, आता प्रसादाला बसल्यासारखे बसू लागले. गणाही त्यात होता. 'आईनंच बसवलीय की आई,' असं म्हणून हसायचा, हे मला कुंदानं सांगितलं. ट्रकवरची नोकरी गेली. मुलगी झाली, तिच्या बारशाला तो शुद्धीवर नव्हता. त्याचे डोळे पिवळे झाले, पाय सुजले. मुलीला वर्ष व्हायच्या आत गणा गेला.

मी भेटायला गेले तेव्हा मथुराबाई भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. आजूबाजूच्या बायका उठून गेल्यावर तिनं मला विचारलं, "बाय, मी खोटा बोलले असते तर तो वाचला असता?"

या प्रश्नाला लोक काय उत्तर देतात ते मला ठाऊक आहे. नशीब म्हणतात, लांबच्या दुकानात गेला असता म्हणतात, पिणारा कुठेही पितो म्हणतात. मी यातलं काहीही म्हणाले नाही, कारण असलं तिनं लगेच ओळखलं असतं. ज्या बाईनं मला कधी शिळं दिलं नाही, तिला मी शिळं उत्तर कसं देणार? मी म्हटलं, "वाचला असता, कदाचित." तिनं मान हलवली. "मना पन तसाच वाटते," म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "पन आईच्या तोंडावर खोटा कशी बोलू?" खोटं बोललेल्यांची, खोटे दाखले काढलेल्यांची घरं नीट चालली आहेत, आमच्या काकांनी तर सत्तरी पार केली. आणि खरं बोलणारीच्या घरातला कर्ता पोरगा गेला. यात कसला न्याय शोधायचा तो ज्यानं त्यानं शोधावा. मला सापडला नाही.

त्यानंतर तिनं एक नवंच सुरू केलं. सकाळी मासळी विकून झाली की रिकामी पाटी उपडी घालायची आणि दुकानाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसायचं. घोषणा नाही, शिव्या नाहीत. जो माणूस येईल त्याला त्याच्या आईच्या नावानं ओळखायचं. "तू चंद्रीचा रे? चंद्रीचे गुडघे बरे हायत?" "तू बारकीचा थोरला ना? बारकीनं तुना नवसानं मागितला होता." बस, एवढंच. माणूस तिथल्या तिथे घोटाळायचा, डोकं खाजवायचा आणि समोर चहाच्या टपरीवर जाऊन बसायचा. शेठनं आधी गोड बोलून पाहिलं, मग हवालदार आणला. हवालदार म्हणाला, "आजी, इथे बसता येणार नाही, सरकारी जागा आहे." ती म्हणाली, "शेत माझा घेतला तवा बी सरकारीच म्हनला होता. सरकारची पायरी ना? मग माजी पन हाय." हात लावून उठवायची हिंमत कुणी केली नाही. देवी बसवणारी बाई ती. जेवायच्या वेळेला ती आपणहून उठून घरी जायची, आणि ती वळणाआड गेली की टपरीवरची मंडळी उठायची. तिच्यामुळे शिरवण्याची दारू सुटली असं लिहिता आलं असतं तर हा लेख किती बरा झाला असता. दारू सुटली नाही. सकाळची दुपारवर गेली, एवढंच.

मथुराबाईच्या बाराव्याला मला जाता आलं नाही. गेल्या आठवड्यात गेले. कुंदानं चहा केला, नातीनं पाटी-पेन्सिल आणून दाखवली. निघताना कुंदा मला बसस्टॉपपर्यंत पोचवायला आली. वाटेत दुकान. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील आणि गर्दी चांगली होती, आता दुपारची वाट बघायचं कारण उरलेलं नाही. मी थांबले. एक तरुण आला, ड्रायव्हर असावा, खांद्यावर रुमाल. खालच्या पायरीजवळ आल्यावर त्यानं पाय उचलून लांब टाकला आणि एकदम दुसऱ्या पायरीवर चढला. त्याच्यामागचा म्हातारा, त्याला तर ती उडी झेपतही नव्हती, त्यानं खांबाला धरून तसंच केलं. तिसराही तसाच.

मी कुंदाला विचारलं, "पायरी मोडलीय का?"

"नाय. म्हातारी बसायची ना तितं. पाय कसा लावतील?"

तेवढ्यात तो तरुण बाहेर आला. पायरी टाळून खाली उतरला, वाकला, तिला हात लावून तो कपाळाला लावला. बाटली त्यानं दुसऱ्या हातात धरली होती.